कशेळीचा कनकादित्य : ताम्रपट, दंतकथा आणि जांभ्याचं देऊळ

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पालीसारख्या गावात फ्लॅट कोण घेणार, असं तेव्हा लोक म्हणायचे. आज पार्किंगला जागा पुरत नाही. असो. कमिटीने मला सांगितलं, "काका, तुम्ही देवळांवर बोला, पण अर्ध्या तासात आटपा." आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला वेळेचं बंधन नवीन नाही, त्यामुळे प्रयत्न करतो.

पालीत राहून देवळावर बोलायचं म्हटलं की पहिलं नाव येतं ते आपल्या लक्ष्मीपल्लीनाथाचं. पण त्या देवाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? कुळाचार करायला लांबून लांबून येणारी कुटुंबं आपण नेहमी बघतो, उत्सव आपणच करतो. म्हणून आज मी जरा पलीकडे घेऊन जाणार आहे. राजापूर तालुक्यात, समुद्राच्या काठावर कशेळी नावाचं गाव आहे. तिथल्या कनकादित्याच्या, म्हणजे सूर्याच्या देवळाबद्दल बोलायचं आहे. आपल्यातले पुष्कळजण तिथे जाऊन आले असतील. रत्नागिरीहून पावस, मग पूर्णगडाजवळ मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल, गावखडी, आणि पुढे कशेळी. सकाळी निघालात तर जेवायला परत.

कशेळीच का, हे आधी सांगतो. एकाच देवळात तीन गोष्टी एकत्र सापडणं कठीण असतं : तारीख असलेला लेखी पुरावा, लोकांनी तोंडोतोंडी जपलेली कथा, आणि उभी असलेली इमारत. आपल्या बऱ्याच देवळांना कथा असते आणि इमारत असते, कागद नसतो. कशेळीला कागद आहे. म्हणजे तांब्याचा आहे, पण आहे.

आधी कागद बघू

बँकेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं : गोष्ट नंतर ऐका, आधी दस्त बघा. तर दस्त असा आहे. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातला राजा दुसरा भोज, याने शके १११३ मध्ये, म्हणजे इसवी सन ११९१ मध्ये, कशेळी गाव दान दिलं. शक आणि सन यांत ७८चा फरक, बेरीज करून बघा. म्हणजे या दस्ताला आठशे तीसहून जास्त वर्षं झाली. हा ताम्रपट कशेळीत जपून ठेवलेला आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे सगळे लेख एकत्र करून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात कशेळीचाही ताम्रपट आहे.

या भोजराजाचं मुख्य ठाणं होतं पन्हाळा. जुन्या लेखांत त्याला प्रणालक, पद्मनाल अशी नावं येतात. आता जरा आपल्या तिठ्यावर उभे राहा. एक रस्ता हातखंब्याकडून रत्नागिरीला, समुद्राला जातो. दुसरा लांजा-राजापूरवरून गोव्याला. आणि तिसरा नाणीज, दाभोळे, साखरपा करत आंबा घाट चढतो आणि मलकापूर, बांबवड्यावरून थेट पन्हाळ्याच्या पायथ्याशी जातो. चौपदरीकरणाच्या धुळीत आपण या रस्त्यांना रोज नावं ठेवतो. पण घाटावरच्या राजाला कोकण का हवं होतं, हे या तिठ्यावर उभं राहिलं की कळतं. वरचा माल बंदराला न्यायचा, बंदरावरचा माल वर आणायचा, आणि मधल्या वाटेवर जकात. डोंगरावरच्या राजाचा हात समुद्रकाठच्या एका गावापर्यंत पोचलेला आहे, हे ताम्रपट सांगतो. घाट आणि बंदर ही एकाच धंद्याची दोन टोकं होती.

दानाचं प्रयोजन असं की गोविंदभट्ट नावाच्या ब्राह्मणाला हे गाव दिलं, आणि त्याच्या उत्पन्नातून बारा ब्राह्मणांना नित्य भोजन घालायचं. आता आमच्या भाषेत सांगतो. नुसतं रोख बक्षीस द्यायचं असतं तर राजाने मोहरा दिल्या असत्या. त्या चार वर्षांत संपल्या असत्या. त्याने गाव दिलं, म्हणजे मुद्दल शाबूत ठेवायचं आणि व्याजावर धर्म चालवायचा. आज शाळा-कॉलेजांच्या शिष्यवृत्त्यांचे जे कायम निधी असतात, त्यांचं तत्त्व वेगळं नाही.

गाव कुठलं, तर अट्टविर नावाच्या कंपणातलं. कंपण म्हणजे कारभाराचा एक लहान विभाग, आपल्या पेट्या-महालासारखा. अट्टविर म्हणजे आजचं आडिवरे. महाकालीचं आडिवरे, कशेळीच्या शेजारचं. आता बघा, राजघराणी गेली. भोजाचा पुढे देवगिरीच्या सिंघण यादवाने पराभव केला आणि शिलाहारांचं राज्यच संपलं. यादव गेले, बहामनी आले, आदिलशाही, मराठे, इंग्रज, सगळे आले नि गेले. पण एसटीच्या पाटीवर अजून आडिवरे आहे आणि कशेळी आहे. गावांची नावं फार चिवट असतात. म्हणून मी मुलांना नेहमी सांगतो, वाडीचं, कोंडाचं, शेताच्या तुकड्याचं जुनं नाव बदलू नका. सात-बारावरचं वेडंवाकडं वाटणारं नाव कदाचित तुमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू असेल.

अशा ताम्रपटांचा साचा ठरलेला असतो. आधी देणाऱ्याची वंशावळ, मग तिथी, घेणाऱ्याचं नाव-गोत्र, काय दिलं, कशासाठी दिलं, आणि शेवटी शाप : हे दान जो हिरावून घेईल तो अमुक हजार वर्षं नरकात किडा होऊन पडेल. लेखात शाप घालणं ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. रायगड जिल्ह्यात अक्षीला शके ९३४चा, म्हणजे १०१२ सालचा मराठी शिलालेख आहे, त्यातही असा शाप आहे आणि तो इथे सभेत वाचता येणार नाही इतका रोखठोक आहे. आज आपण त्या जागी दंड आणि व्याज लिहितो. मला विचाराल तर शापाची वसुली जास्त चांगली होत असावी.

आता गोष्ट

दस्त बघितला, आता गोष्ट ऐकू. कशेळीत ती अशी सांगतात.

सौराष्ट्रात वेरावळजवळ प्रभासपाटण आहे, सोमनाथाचं क्षेत्र. तिथे सूर्याची मोठी उपासना होती. परचक्र येतंय असं कळल्यावर तिथल्या सूर्यमूर्ती वाचवायच्या म्हणून एका नाविकाने त्या गलबतात घातल्या आणि दक्षिणेची वाट धरली. कशेळीच्या समोर आल्यावर गलबत थांबलं. वारा आहे, शीड आहे, पण गलबत पुढे जाईना. नाविकाने ओळखलं, देवाला इथेच उतरायचं आहे. त्याने एक मूर्ती किनाऱ्यावरच्या कड्यातल्या गुहेत नेऊन ठेवली आणि गलबत सुटलं. ती गुहा आजही दाखवतात, तिला देवघळ म्हणतात. घळ म्हणजे कड्यातली कपार. खाली समुद्र आदळत असतो. जपून उतरायला लागतं, मुलांना एकटं सोडू नका.

पुढे गावात कनका नावाची सूर्याची भक्त होती. कोणी तिला कनकाबाई म्हणतात, काही सांगणारे ती कलावंतीण होती असंही सांगतात. तिला स्वप्नात दृष्टांत झाला : मी घळीत आहे, मला वर ने. तिने गावकऱ्यांना सांगितलं, गावकरी गेले, मूर्ती मिळाली, वाजतगाजत आणून स्थापना केली. कनकेला सापडला म्हणून कनकादित्य.

आता आमच्यातला तपासनीस जागा होतो. या गोष्टीतलं परचक्र कुठलं? काही सांगणारे अल्लाउद्दीन खिलजीचं नाव घेतात. खिलजीच्या सरदारांची गुजरातवरची स्वारी १२९९ सालची. ताम्रपट ११९१चा. मध्ये १०८ वर्षं. मग कोणी म्हणेल, जुळत नाही, म्हणजे गोष्ट खोटी. मी म्हणतो, थांबा. ताम्रपट गावाच्या दानाचा आहे, आणि गोष्ट मूर्ती कशी आली याची आहे. ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातली नोंद दुसऱ्या खात्यात दिसत नाही म्हणून दोन्हीतलं एक खोटं ठरत नाही. खिलजीची स्वारी धरली, तर अर्थ एवढाच की मूर्ती आली तेव्हा कशेळी हे आधीच नांदतं, नावारूपाला आलेलं गाव होतं. गझनीच्या महमूदाची सोमनाथावरची स्वारी, १०२६ सालची, धरली तर मूर्ती ताम्रपटाच्या दीडशे वर्षं आधीची ठरते. लोककथा तारीख लिहून ठेवत नाही, ती कारण लक्षात ठेवते. इथे कारण काय? तर घर सुटलेला देव आपल्या गावाने ठेवून घेतला.

आणि या गोष्टीतले काही धागे पक्के आहेत. सौराष्ट्र आणि कोकण यांचा समुद्रावरून व्यवहार फार जुना. वेरावळहून निघालेलं गलबत उत्तरेच्या वाऱ्यावर राजापूर-जैतापूरच्या बाजूला येणं हे नेहमीचं होतं. सूर्याची देवळं गुजरातकडे होतीच. मोढेऱ्याचं प्रसिद्ध सूर्यमंदिर अकराव्या शतकातलं आहे. उलट कोकणात सूर्याचं स्वतंत्र देऊळ विरळा. सिंधुदुर्गात परुळ्याचा आदिनारायण आहे, पण बोटावर मोजण्याइतकीच. आपल्याकडे गावागावांत रवळनाथ, भैरी, सोमेश्वर, जाकादेवी. मग कशेळीला सूर्य का, या प्रश्नाला गावाने दिलेलं उत्तर म्हणजे ही कथा : तो समुद्रावरून आला. उत्तर अगदी बिनबुडाचं नाही.

मला स्वतःला यातली कनकेची बाजू सगळ्यात जास्त भावते. संस्कृत जाणणारा माणूस म्हणेल, कनक म्हणजे सोनं, सोन्यासारखा झळकणारा सूर्य तो कनकादित्य, त्यात बाईचा काय संबंध. व्याकरणाने बरोबर आहे. पण गावाने सोनं नाही धरलं, बाईचं नाव धरलं. पूजेचा मान कोणाचा, पालखीचा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा यावरून आपल्याकडे कोर्टात दावे चालतात. आणि इथे देवाच्या नावाच्या आधी एका बाईचं नाव लागतं, तेसुद्धा कदाचित कलावंतिणीचं, आणि सगळं गाव ते रोज उच्चारतं. देव कोणाला सापडला हे गाव विसरलं नाही. आपल्या भगिनी मंडळाने याची नोंद घ्यावी.

लग्नाचा उत्सव

कशेळीचा मोठा उत्सव माघ शुद्ध सप्तमीला, रथसप्तमीला असतो. कालिकावाडीची कालिकादेवी ही कनकादित्याची पत्नी मानली जाते. रथसप्तमीला देवीला वाजतगाजत कशेळीला आणतात, आणि पाच दिवस उत्सव चालतो. कीर्तनं, आरत्या, पालखी, माणसांची गर्दी. मुंबई-पुण्याला गेलेली मंडळी तेवढ्यासाठी रजा काढून येतात.

यात श्रद्धेचा भाग आहेच. पण आणखीही एक आहे. एका गावचा देव आणि दुसऱ्या वाडीची देवी यांचं लग्न लागलं की ती दोन गावं व्याही होतात. व्याह्यांचं भांडण होतं, नाही असं नाही, पण ते सोडवायलाही लागतं, कारण दरवर्षी देवी यायची असते. देव भेटवणं, पालख्या एकमेकांकडे नेणं, ओट्या भरणं, या सगळ्या कोकणातल्या चालीरीतींत शेजारधर्माचा करार लपलेला असतो, आणि तो शिमग्याला आणि जत्रेला दरवर्षी नव्याने होतो. आपण सोसायटीत गणपती बसवतो, त्यात तरी दुसरं काय असतं? मेंटेनन्सवरून वर्षभर न बोलणारी दोन माणसं आरतीला शेजारी शेजारी उभी राहतात.

आता इमारत

देऊळ बघायला गेलो की आपण चप्पल काढतो, नमस्कार करतो, प्रसाद घेतो आणि फोटो काढून निघतो. माझी विनंती अशी की पाच मिनिटं जास्त थांबा आणि वर बघा.

कशेळीला गेलात तर प्रशस्त फरसबंदी अंगण दिसेल, दीपमाळ दिसेल, भोवती लहान लहान देवळं. मुख्य देऊळ उतरत्या छपराचं, आणि त्या छपरावर तांब्याचे पत्रे. आत सभामंडपात लाकडावर केलेलं कोरीव काम, देवदेवतांच्या आणि पुराणातल्या आकृती. गाभाऱ्यात काळ्या पाषाणाची आदित्याची मूर्ती.

लोक विचारतात, कोकणातली देवळं घरासारखी का दिसतात? देशावर, कर्नाटकात कशी दगडी, कोरीव, उंच शिखरांची असतात. याचं उत्तर दोन गोष्टींत आहे : पाऊस आणि जांभा.

रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. एवढं पाणी सपाट छपरावर थांबलं की ते कुठून ना कुठून आत येणारच. आपल्या 'बी' विंगच्या गच्चीला दर तीन वर्षांनी वॉटरप्रूफिंग करतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून जुन्या लोकांनी छप्पर उतरतं ठेवलं, पाखं भिंतीच्या बरीच बाहेर काढली म्हणजे झड भिंतीला लागू नये, आणि बाहेरून फिरायला पडवी ठेवली. आधी गवताची किंवा पेंढ्याची शाकारणी, मग कुंभाराची नळीची कौलं. मंगळुरी कौलं फार पुढची. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला १८६५ मध्ये, त्यानंतर ती आपल्याकडे आली. आणि ज्या देवाला ऐपतवान भक्त लाभले तिथे तांबं. तांब्यावर हिरवट थर चढतो आणि तोच आतल्या धातूचं रक्षण करतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा किती टिकतो हे आपल्या सायकल स्टँडच्या शेडकडे बघून सांगता येईल.

दुसरी गोष्ट जांभा. हा आपला तांबडा, भोकाभोकांचा दगड. जमिनीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरा तासता येतो, आणि उघड्या हवेत कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रजांच्या अधिकाऱ्याने १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट हे नाव दिलं, ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, कारण लोक त्याचे विटेसारखे चिरे पाडत होते. भिंत बांधायला याच्यासारखा दगड नाही. पण त्यावर देवीचं नाक कोरायला जाल तर नाकाच्या जागी भोक निघेल. बारीक नक्षी त्याच्यावर उठत नाही. मग आपल्या कारागिराने काय केलं? भिंत जांभ्याची साधी ठेवली, आणि हौस सगळी लाकडावर भागवली. फणस, साग, शिसव. खांब, तुळया, त्यांच्या मधल्या कोरीव पट्ट्या, छताचे तक्ते. म्हणून मी म्हणालो, वर बघा. कोकणातल्या देवळाचं शिल्प छताला असतं.

तुलना करायची तर लांब जायला नको. आपल्या हायवेने उत्तरेला संगमेश्वर गाठा आणि कसब्याचं कर्णेश्वर बघा. परंपरा त्या देवळाचं नाव कर्ण नावाच्या चालुक्य राजाशी जोडते. ते सबंध काळ्या दगडाचं आहे, कोरीव खांब, छताला शिल्पं. तिथे जांभा वापरला नाही, कठीण काळा पाषाण वापरला, म्हणून ते कोरीव काम दगडावर झालं. ज्या कसब्याला १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले, तेच हे कसबा. एका दिवसात कर्णेश्वर आणि दुसऱ्या दिवशी कशेळी बघितलंत तर जे मी अर्धा तास बोलतोय ते दोन डोळ्यांनी कळेल.

जाता जाता दोन शब्दांबद्दल. दगडी देऊळ दिसलं की आपण 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या आधी शे-दोनशे वर्षं बांधलेल्या देवळालाही आपण त्याचंच नाव देतो. दुसरा शब्द 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं'. कोकणात असं एक तरी देऊळ प्रत्येक तालुक्यात आहे. पांडवांना वनवासात एवढी बांधकामं करायला लागली असतील तर ते दमून गेले असतील. पण त्यामागचा भाव समजून घ्या. ज्यांनी खरोखर दगड वाहिले, चिरे तासले, तुळया चढवल्या, त्या पाथरवट-सुतारांनी कुठे नाव कोरलं नाही. नाव माहीत नसलं की लोक पांडवांचं नाव घेतात.

हे सगळं आज का सांगतोय

कारण दरवर्षी आपल्यातल्या निम्म्या घरांत गावाहून एक पत्र येतं, हल्ली व्हॉट्सॲपवर. 'श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार करण्याचे योजिले आहे, तरी सढळ हस्ते...' आणि आपण देतो. द्यायलाच हवं. पण जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ जे जीर्ण झालंय त्याला वर काढणं, असा आहे. जे आहे ते पाडून दुसरं बांधणं, असा नाही.

मी एका गावात हे डोळ्यांनी बघितलंय. गावाचं नाव घेत नाही. सभामंडपाचं छप्पर गळत होतं, तीन-चार वासे कुजले होते. दुरुस्तीचा खर्च पेलण्यासारखा होता. पण शेजारच्या गावाने स्लॅबचं देऊळ बांधलं म्हणून यांनीही ठरवलं. कोरीव खांब उतरवले आणि ते भंगारवाल्याबरोबर गेले. त्यांतले दोन पुढे कुठल्याशा रिसॉर्टच्या स्वागतकक्षात दिसले, असं गावातलेच सांगतात. अंगणात वीरगळ होता, लढाईत मेलेल्या माणसाचा दगड, तो भरावात गेला. नवीन देऊळ झकपक आहे, फरशी चकचकीत आहे, आणि पावसाळ्यात पोरं घसरतात. उन्हाळ्यात आत बसवत नाही म्हणून सहा पंखे लावलेत. देव तोच आहे, त्यात प्रश्न नाही. पण त्या गावाकडे जुनं म्हणून दाखवायला आता एक दगड उरलेला नाही.

नवीन काही बांधूच नये, असं माझं म्हणणं नाही. माणसं वाढली, उत्सव वाढले, स्वयंपाकघर हवं, स्वच्छतागृह हवं, म्हाताऱ्यांना चढायला उतार हवा. ते जरूर करा, बाजूला करा. मात्र पैसे पाठवण्याआधी गावाला प्रेमाने चार प्रश्न विचारा. पहिला, नेमकं काय जीर्ण झालंय? लाकूड कुजलंय, भिंत फुगलीय, की नुसतं जुनं दिसतंय? दुसरा, उतरवण्याआधी मापं आणि फोटो घेतलेत का? हे काम आपल्या घरातली कॉलेजातली मुलं एका सुट्टीत करतील, सगळ्यांच्या हातात कॅमेरा आहे. तिसरा, निघालेल्या वस्तूंची यादी केलीय का? खांब किती, तक्ते किती, मूर्ती, घंटा, वीरगळ, सतीशिळा, आणि ते ठेवणार कुठे? चौथा, कागद जागेवर आहेत का? ट्रस्टची नोंदणी, विश्वस्तांच्या बदलाची नोंद, आणि जागेचा व्यवहार असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५०चा आहे, आणि देवाच्या जमिनीला हात लावायचा तर ही परवानगी लागतेच. जुना लेख, कोरीव दगड सापडला तर लगेच शेंदूर-रंग फासू नका. रत्नागिरीत थिबा राजवाड्यात राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे, तिथे जाऊन विचारता येतं.

हे प्रश्न विचारले तर गावकरी रागावतील, अशी भीती वाटते. अनुभव सांगतो, बहुतेक वेळा रागावत नाहीत. गावात एखादा तरी म्हातारा गुरव किंवा सुतार असतो, ज्याला हेच म्हणायचं असतं, पण त्याचं कोणी ऐकत नसतं. वर्गणी देणाऱ्याने विचारलं की त्याच्या म्हणण्याला वजन येतं. आपल्या पाचशे-हजार रुपयांपेक्षा कधीकधी तो प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

शेवटचं, आणि हे आपल्या सोसायटीचं. भोजराजाचं दान आज आपल्याला कळतं ते राजा मोठा होता म्हणून नाही. त्याच्याहून मोठे राजे होऊन गेले, त्यांच्या पुष्कळ गोष्टींचा पत्ता नाही. ते कळतं कारण लिहिणाऱ्याने नीट लिहिलं आणि गावातल्या पिढ्यांनी तो पत्रा मोडीत घातला नाही. आठशे वर्षांत किती दुष्काळ पडले असतील, किती घरांत तांब्याची हंडी विकायची वेळ आली असेल. तो पत्रा कोणी विकला नाही.

आपल्याकडे नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, कन्व्हेयन्सचे कागद आहेत, मंजूर नकाशे आहेत, पहिल्या सभेपासूनची इतिवृत्तं आहेत. ती सचिवांच्या घरातल्या कपाटात, जुन्या पंख्याच्या खोक्याखाली आहेत, हे मी बघितलंय. सचिव बदलले की खोकं दुसऱ्या घरी जातं. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने माझी सूचना अशी की सगळे कागद स्कॅन करून घ्यावेत, मूळ प्रती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवाव्यात, आणि त्यांच्या यादीची एक प्रत प्रत्येक सभासदाला द्यावी. लॉकरचं पहिल्या वर्षाचं भाडं मी भरतो. सूचनेला अनुमोदक मिळाला तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा.

आणि येत्या रथसप्तमीला एक गाडी काढू. कोण कोण येणार त्यांनी माझ्याकडे नावं द्यावीत. पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या आपापल्या आणाव्यात, देवघळीला ऊन फार लागतं.